मधुमेह : दुखत नाही म्हणून औषध बंद?

सोलापूर - कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांनी फुलून जातो. सुमारे ४५ किलोमीटरची ही वाट अनेक जण अनवाणी चालतात. निरोगी माणसाच्या तळपायाला फोड आला, की तो दुखतो आणि माणूस थांबतो. बरीच वर्षे मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पायाची संवेदना मात्र मज्जातंतूंवरील परिणामामुळे बोथट झालेली असू शकते. खडा रुतला, डांबराचा चटका बसला तरी तिला कळत नाही. पायाचा रक्तपुरवठाही कमी झालेला असेल, तर जखम चिघळते आणि प्रसंगी बोट किंवा पाय कापावा लागतो.

दुखत नाही म्हणजे आजार नाही, हा समज मधुमेहाच्या उपचारातील सर्वांत मोठा अडसर होय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. निदान झालेल्यांपैकीही अनेक जण साखर आटोक्यात आली, की आपण बरे झालो असे मानून परस्पर गोळ्या बंद करतात. साखर आटोक्यात असते ती त्या गोळ्यांमुळेच, याचा विसर पडतो. कुणी कारल्याच्या रसावर, तर कुणी विजयसाराच्या पेल्यातील पाण्यावर भिस्त ठेवतो.

तपासणीच्या आधी चार दिवस कडक पथ्य पाळायचे आणि अहवाल चांगला आला, की पुन्हा मूळ पदावर यायचे, हाही परिचित प्रकार. उपाशीपोटीच्या तपासणीत ही क्लृप्ती खपून जाते. 'एचबीएवनसी' ही चाचणी मात्र मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते. तिच्यापुढे चार दिवसांचे पथ्य टिकत नाही. बहुतेक प्रौढ रुग्णांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट असते. वयोवृद्धांसाठी ते थोडे शिथिल केले जाते.

सोलापूरच्या ताटातील ज्वारीविषयीही गैरसमज आहे. मंगळवेढ्याची मालदांडी प्रसिद्ध आहे आणि पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा ज्वारीत तंतू अधिक असतात, हे खरे. मात्र १०० ग्रॅम ज्वारीत ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी किती खाल्ली, याचा हिशेब राहत नाही. भाकरीने साखर वाढतच नाही, ही समजूत मग महागात पडते. उपवासाचे दुखणे वेगळे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, तर साबुदाण्याच्या खिचडीने ती झपाट्याने चढते. उपवासापूर्वी गोळ्यांची मात्रा डॉक्टरांना विचारून घेणे आवश्यक असते.

इन्सुलिनचे नाव काढताच रुग्ण बिचकतो. ही शेवटची पायरी, एकदा सुरू झाले की सुटत नाही, अशी भीती घरोघरी आढळते. १९२१ मध्ये टोरांटोत शोध लागलेले हे औषध शरीरातच तयार होणाऱ्या संप्रेरकाची उणीव भरून काढते. गंभीर संसर्गात किंवा शस्त्रक्रियेच्या काळात ते तात्पुरते देऊन पुढे अनेकांना पुन्हा गोळ्यांवर आणता येते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा इन्सुलिन तापू न देणे ही खरी काळजी. ज्यांच्याकडे फ्रिज नाही, त्यांनी कुपी बंद डब्यात घालून ओल्या मातीच्या भांड्यात ठेवल्यास ती गारव्यात राहते.

खर्चाची सबबही काही प्रमाणात कमी झाली आहे. सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपल्यानंतर या औषधांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या.

तुळजापूरला चालत जाण्याची इच्छा असलेल्या मधुमेहींनी आधी डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्यावी. वाटेत सुती मोजे व मऊ बूट वापरावेत, प्रत्येक मुक्कामी तळपाय आरशात पाहावेत किंवा सोबत्याला दाखवावेत, जवळ साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. पादत्राणे मंदिराच्या दारात काढता येतात. कोजागरीच्या आटीव दुधाचा पेला मात्र अर्धाच घ्यावा.