पावली

पावली : टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर समूहाने ठरावीक पावले टाकत खेळायचा वारकरी संप्रदायातील नृत्यप्रकार. भजन, दिंडी, रिंगण आणि हरिनाम सप्ताह या प्रसंगी पावली खेळली जाते. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, मुठा, रिहे, कोळवण या खोऱ्यांतल्या गावांतही ही परंपरा आहे. सप्ताहाच्या सांगतेला गावातून दिंडी निघते तेव्हा टाळकरी समोरासमोर दोन रांगा धरतात. मध्ये विणेकरी आणि मृदंगवादक असतात. पंढरीच्या वाटेवर चालणारे पाय आणि सप्ताहात खेळणारे पाय बहुधा त्याच माणसांचे असतात, म्हणून पावलीत चालण्याचाच डौल दिसतो.

सगळ्यांत सोपी पावली अशी : उजवे पाऊल पुढे, डावे त्याच्या शेजारी टेकवायचे; मग डावे मागे, उजवे त्याच्या शेजारी. हालचाली चारच. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो, त्यामुळे एका हालचालीला दोन मात्रा मिळतात आणि ठेक्याच्या एका आवर्तनात पावली पूर्ण होते. पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, पाऊल पुढे जाते. पाचव्या मात्रेवर, कालावर, ते मागे येते. वळणे, वाकणे, गिरकी, बैठक हे प्रकार याच चौकटीत भरले जातात आणि गावागणिक बदलतात. चौकट मात्र मोडत नाही. एका गावचा टाळकरी दुसऱ्या गावच्या दिंडीत सहज मिसळतो तो याच आधारावर.

लय बदलली की पायांवर काय परिणाम होतो, हे हिशेबाने पाहण्यासारखे आहे. मिनिटाला ८० मात्रांच्या संथ लयीत एक आवर्तन ६ सेकंद चालते आणि एका हालचालीला दीड सेकंद मिळतो. सामान्य माणूस चालताना मिनिटाला साधारण १०० ते १२० पावले टाकतो. इथे त्याला ४० टाकायची असतात. सोपी वाटणारी ही लय खरे तर सर्वांत अवघड, कारण तोल एका पायावर दीर्घकाळ सांभाळावा लागतो. जाणते टाळकरी म्हणून दुसऱ्या मात्रेवर गुडघ्यात किंचित लवतात आणि रिकामी जागा भरून काढतात. मात्रा मिनिटाला १६० झाल्या की पावले ८० होतात. २४० झाल्या की १२०, म्हणजे भरभर चालण्याइतकी. अभंग रंगात आल्यावर पाय आपोआप हलके वाटतात, त्याचे एक कारण हेच की लय आता शरीराच्या सवयीच्या जवळ आलेली असते.

नवशिका चुकतो तो दुगुनीला. चाल तशीच ठेवून मृदंगवादक बोल दुप्पट वाजवू लागतो, लग्गी धरतो. आवाज दाट होतो आणि नव्या माणसाचे पाय धावू लागतात. प्रत्यक्षात लय वाढलेली नसते, एका मात्रेत बसणारे बोल वाढलेले असतात. सम पूर्वीच्याच अंतराने येते आणि पावलेही पूर्वीच्याच अंतराने पडली पाहिजेत. पायांनी मृदंगाचे बोल मोजू नयेत, सम धरावी. पावलीतले सारे कसब या एका सवयीत आहे.

उडत्या पावलीला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. २० सेंटिमीटर उंच उडी मारली तर माणूस सुमारे ०.४ सेकंद हवेत राहतो. ५ सेंटिमीटर उडीला निम्मा वेळ लागतो. त्यामुळे लय चढत गेली की उडी बुटकी आणि पाऊल आखूड करावेच लागते. उत्साहाच्या भरात नेमके उलटे घडते, उड्या उंच होतात आणि रांग फाटते. कसलेली मंडळी द्रुत लयीत जमिनीलगत खेळतात.

लांब दिंडीत आणखी एक अडचण येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मृदंगापासून ३० मीटर मागे असलेल्या टाळकऱ्याला ठेका जवळपास ०.०९ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत एक मात्रा पाव सेकंदाची असते, म्हणजे हा उशीर मात्रेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक भरतो. म्हणून मागच्यांनी कानाइतकाच डोळ्यांचाही आधार घ्यायचा असतो : पुढच्याचा टाळ वर गेला की आपला टाळ वर. पालखी सोहळ्यात चोपदाराने चोप उंचावताच हजारो टाळ थांबतात, ते या पाहण्याच्या शिस्तीमुळेच.

युरोपीय समाजनृत्यांत बहुधा प्रत्येक नाचाची लय ठरलेली असते. स्पर्धेतला संथ वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० आवर्तनांचा, तर व्हिएन्नी वॉल्ट्झ ५८ ते ६० आवर्तनांचा. लय दुप्पट झाली की नाच वेगळा आणि पावलेही वेगळी. पावलीत मात्र विलंबितापासून द्रुतापर्यंतचा सगळा प्रवास एकाच अभंगात, त्याच पावलांनी होऊ शकतो. मूळ पावले इतकी साधी ठेवण्यामागचे शहाणपण इथे कळते. क्लिष्ट पाऊल एका लयीत शोभते. साधे पाऊल प्रत्येक लयीत टिकते.

मुळशी-मावळातील ढोल-लेझीम हा पावलीच्या जवळचा खेळ. तिथे ठेका ढोलाचा असला तरी प्रत्येकाच्या हातातली लेझीम स्वतः मोजणी करते, त्यामुळे चूक लगेच ऐकू येते. शाळांतील कवायतीत शिकवले जाणारे ‘चार आवाज’, ‘आठ आवाज’ हे प्रकार मोजणीच्याच नावाने ओळखले जातात.

शिकणाऱ्याने सुरुवातीला टाळ खाली ठेवावा. आधी तोंडाने मात्रा मोजत नुसते पाय घ्यावेत, मग टाळी द्यावी आणि शेवटी टाळ हाती घ्यावा. मुलांना रांगेच्या टोकाला उभे करू नये. दोन जाणत्यांच्या मध्ये, मृदंगाजवळ जागा द्यावी.