चित्तेवानाची विद्या

हैदराबादेच्या पश्चिमेस, आज बिदर जिल्ह्यात मोडणारे बसवकल्याण हे एके काळी चालुक्यांच्या राजधानीचे नगर होते. कल्याणी हे त्याचे तेव्हाचे नाव. तेथील राजा सोमेश्वर तिसरा याचा इ. स. ११२९ च्या सुमाराचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आपल्या अभ्यासकांना ठाऊक आहे, तो मुख्यतः त्यात आढळणाऱ्या जुन्या मराठी पद्यांमुळे. परंतु राजाने करावयाच्या विनोदांत याच ग्रंथाने शिकवलेला चित्ता हरणांवर सोडण्याचा विनोदही सांगितला आहे, आणि भारतातील अशा शिकारीचा तो सर्वांत जुना लेखी दाखला मानला जातो. म्हणजे आपण दक्षिणेत येऊन स्थिरावलो त्या मुलुखाशी या विद्येचा संबंध मोगलांहून जुना आहे.

प्रथम नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. आपल्याकडे बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हणतात, आणि ‘आईन-ए-अकबरी’च्या इंग्रजी भाषांतरातही या शिकारी चित्त्यांना बिबटे म्हटले आहे. खरा चित्ता शिडशिडीत, लांब पायांचा असतो. त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंच्या ओघळासारखी काळी रेघ उतरते. त्याला डरकाळी फोडता येत नाही. मांजरासारखी घुरघुर तेवढी करता येते. संस्कृतातील ‘चित्रक’ या शब्दापासून त्याचे नाव आले आणि तेच पुढे इंग्रजीनेही उचलले.

हा प्राणी सांभाळणारा तो चित्तेवान. त्याच्या विद्येतील मर्माची गोष्ट अशी की, तो चित्त्याला शिकार शिकवीत नसे. ती चित्ता आपल्या आईकडून रानातच शिकून आलेला असे. म्हणून बछडी न धरता पूर्ण वाढलेले, स्वतः शिकार करणारे चित्तेच धरीत. त्यासाठी रानात खड्डे खणीत. खड्ड्यात पडून जनावराचे पाय मोडत, म्हणून अकबराने खड्ड्याची रचनाच बदलली. नवा चित्ता तयार करण्यास पूर्वी दोन-तीन महिने लागत, ते काम अकबराच्या देखरेखीखाली १८ दिवसांत होऊ लागले, असे अबुल फजल लिहितो. आम्हांला हा आकडा थोडा दरबारी वाटतो. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला, साहेबांनी लक्ष घातले की कागदावरची कामे किती झपाट्याने उरकतात, हे निराळे सांगावे लागत नाही.

चित्तेवानाचे खरे काम होते ते माणसाची भीती घालवण्याचे. चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवीत, त्याला बाजेवर बांधून ठेवीत आणि हाताने भरवीत. जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या १८९१ मधील पुस्तकात एक मोठी गमतीची नोंद आहे. बायकामुलांना दिवसभर त्या जनावराच्या जवळ बसवून गप्पा मारायला सांगत, म्हणजे माणसाच्या आवाजाला ते सरावे. चित्तेवानाच्या घरातील स्त्रियांचे हे काम कोणत्या पगारपत्रकात धरले जात असेल, असा प्रश्न आमच्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

शिकारीच्या दिवशी चित्त्याला बैलगाडीवर बसवून माळावर नेत. काळविटांना शेतकऱ्यांच्या गाड्या रोजच्या ओळखीच्या. माणूस पायी आला तर उधळणारा कळप गाडीला तितका बुजत नसे. गाडी सरळ न नेता वळणे घेत नेत, आणि कळप शे-दोनशे पावलांवर आला की चित्तेवान टोपी काढी व दोर सोडी. पुढचा खेळ क्षणांचा. चित्ता ताशी शंभर किलोमीटरच्या घरात धावतो, पण ते काहीशे मीटर. तेवढ्यात सावज हाती आले नाही तर तो थांबतो, धापा टाकतो आणि मग कोणाचेही ऐकत नाही. सावज सापडले तर त्याचा गळा धरून ते निश्चल होईपर्यंत सोडीत नाही.

कसब लागे ते यानंतर. तोंडातला घास काढून घ्यायचा आणि चित्ता चिडता कामा नये. चित्तेवान धावत जाई, हरणाचा गळा कापी, लाकडी पळीत रक्त धरून ती चित्त्याच्या नाकाशी नेई. चित्ता रक्त चाटू लागला की त्याची पकड सुटे. त्याच क्षणी टोपी पुन्हा डोळ्यांवर. मग त्याचा वाटा त्याला मिळे.

युरोपात सशांच्या बिळात फेरेट नावाचा मुंगसासारखा लांबट प्राणी सोडतात, त्याच्या मालकापुढेही जवळजवळ हाच पेच असतो. फेरेटने ससा बाहेर हुसकावून जाळ्यात घालावा ही अपेक्षा. पण कधी तो ससा बिळातच मारतो, खातो आणि तिथेच झोपी जातो. मग फावडे घेऊन जमीन खणायची. दोन्हींत फरक एकच, पण तो फार मोठा आहे. फेरेट माणसाच्या घरी जन्मतो; त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या माणसाने वाढवल्या आहेत. चित्ता मात्र पिंजऱ्यात सहजासहजी वीत नाही. अकबरापाशी एके वेळी हजार चित्ते होते, त्यांचा जोडा जुळावा म्हणून त्याने प्रयत्नही केले, पण यश आले नाही, असे जहांगीर आपल्या आत्मवृत्तात सांगतो. त्याच्या स्वतःच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, एका मादीला तीन पिल्ले झाली, ती इतकी नवलाची गोष्ट की बादशहाने ती लिहून ठेवली. पाळलेल्या चित्त्याला पिल्ले झाल्याची यानंतरची नोंद एकदम १९५६ सालची, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली!

याचा हिशेब सोपा आहे. दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून उचललेला, आणि त्याच्या जागी रानात काही परत जात नव्हते. माळराने नांगराखाली गेली, हरणे घटली, बंदुका आल्या, ही कारणे आहेतच. पण चित्त्यावर ज्यांचे इतके प्रेम होते, त्यांच्या हौसेलाही यातून वगळता येणार नाही, असे आमचे मत आहे.

विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा संस्थानिकांनी आफ्रिकेतून आणवले. १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे दोनशे चित्ते आले. कोल्हापूर यात अग्रेसर होते. शाहू छत्रपतींची ही आवड राजाराम महाराजांनी पुढे चालवली. म्हणजे विद्या उरली होती, जनावर उरले नव्हते. स्वातंत्र्याच्या सुमारास कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले, तेच देशातील शेवटचे मानले जातात. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. संस्थाने गेली तशी चित्तेवानांची नोकरीही गेली.

आपल्या शहरातही निजामाच्या दरबारी ही शिकार होती. आज वनस्थळीपुरम्‌जवळ जे महावीर हरिण वनस्थळी उद्यान आहे, ते निजामाचे खाजगी शिकारीचे रान. १९७५ मध्ये, भगवान महावीरांच्या निर्वाणास २५०० वर्षे झाली त्या निमित्ताने, त्याला हे नाव मिळाले. विजयवाडा रस्त्याच्या कडेचे हे सुमारे साडेतीन हजार एकरांचे रान. तेथील काळवीट आजही आहेत. त्यांच्यामागे धावणारा नाही.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा. मार्च २०२३ मध्ये कुनोत चार पिल्ले जन्मली. त्यांतली तीन उन्हाळ्यात दगावली, चौथी माणसांच्या देखरेखीखाली वाढली. त्याच मार्च महिन्यात हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात, सौदी राजपुत्राने दिलेल्या जोडीतला अब्दुल्ला नावाचा चित्ता हृदयविकाराने गेला. त्याची जोडीदारीण हिबा २०२० मध्येच गेली होती.