दाढीनंतरची आग : घरातले उपाय आणि काही गैरसमज

दाढी केल्यानंतर गालांची व मानेची आग होणे, त्वचा लाल होणे, बारीक पुरळ उठणे ही तक्रार अनेक पुरुषांच्या परिचयाची आहे. पाते केसाबरोबर त्वचेचा अगदी वरचा थरही खरवडते. ते बोथट असेल, त्वचा कोरडी असेल किंवा गुळगुळीत गालांच्या हव्यासापायी केसांच्या उलट दिशेने पुनःपुन्हा फिरवले गेले, तर दाह वाढतो.

पहिला उपाय सर्वांत साधा आहे. थंड पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ सुती फडके पाच-दहा मिनिटे चेहऱ्यावर ठेवावे. त्यानंतर कोरफडीचा गर लावता येतो. मात्र पान कापल्यावर सालीलगत निघणारा पिवळा चीक त्वचेला झोंबतो. पान उभे धरून तो निथळू द्यावा, गर धुऊन घ्यावा आणि आधी हातावर थोडासा लावून पाहावा. कोरड्या त्वचेला खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरतात. मुरुमे येणाऱ्यांनी ते टाळलेले बरे.

तुरटीबद्दल गैरसमज अधिक आहेत. तुरटी त्वचा आकुंचित करते, म्हणून किरकोळ कापल्यावर रक्त थांबते. परंतु त्याच गुणामुळे त्वचा कोरडी पडते, तेव्हा आग होत असलेल्या गालावर ती रोज घासणे योग्य नव्हे. सलूनमध्ये एकच खडा अनेकांच्या चेहऱ्यांवरून फिरतो, ही तर त्याहून गंभीर बाब. हेपेटायटिस बी या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो. संकोच न बाळगता खडा स्वतःचा न्यावा आणि पाते आपल्यासमोर बदलून घ्यावे.

लिंबू हा घरगुती उपाय नसून उपद्रव आहे. रस लावून उन्हात गेल्यास त्वचेवर काळे डाग उमटू शकतात. खाण्याचा सोडाही नको. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा तिचा हा गुण बिघडवतो.

कुरळ्या केसांच्या पुरुषांमध्ये कापलेला केस पुन्हा त्वचेत शिरून कठीण फोड येतात. ते टाचणीने उकरू नयेत. काही आठवडे दाढी न करणे हाच तेथे खरा उपाय. फोडांत पू झाला, सूज पसरू लागली किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.