श्रुतिकटुत्वाचा इतिहास : मेटल संगीतातील कर्कश आणि सुरेल कंठ

काव्यदोषांची चर्चा करताना संस्कृत साहित्यशास्त्राने नित्य दोष आणि अनित्य दोष असा एक सूक्ष्म भेद केला आहे. कानाला टोचणाऱ्या वर्णांची योजना, म्हणजेच श्रुतिदुष्टत्व किंवा श्रुतिकटुत्व, हा दोष अनित्य होय. शृंगार जेथे काव्याचा आत्मा असेल तेथे तो त्याज्य. सर्वत्र नव्हे, हे नवव्या शतकात आनंदवर्धनाने स्पष्ट केले. अकराव्या शतकात मम्मटाने हाच विचार पुढे नेला. वक्ता, प्रसंग इत्यादींच्या औचित्यामुळे दोषही क्वचित गुण ठरतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. गायनाच्या क्षेत्रात मात्र ही उदारता सहसा आढळत नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त निंद्य गायकांची गणना येते. तीत कावळ्यासारख्या रुक्ष आवाजाचा ‘काकी’ गायक आहे आणि त्या गणनेपुरता तरी तो केवळ निंद्यच राहतो.

कंठाचे श्रुतिकटुत्व कधी गुण ठरू शकते काय, आणि ठरत असल्यास कोणत्या अटीवर, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या एका शाखेत प्रत्यक्ष प्रयोगाच्या पातळीवर उपस्थित झाला. विद्युत गिटारच्या जड, विरूपित ध्वनीवर उभ्या राहिलेल्या मेटल संगीताची ही शाखा होय. तिच्यातील ‘ग्राउल’, म्हणजे घशातून गुरगुरत निघणारा कर्कश आवाज, आणि सुरेल गायन यांच्या संबंधाचा इतिहास हा केवळ अभिरुचीचा इतिहास नाही. एखादे चिन्ह अर्थवाही कसे होते आणि रूढ झाल्यावर ते अर्थ कसा गमावते, याचाही तो इतिहास आहे.

या इतिहासाचा प्रारंभ कंठात नसून यंत्रात आहे. इंग्लंडमधील किंग क्रिम्झन या वाद्यवृंदाच्या १९६९च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ या रचनेत ग्रेग लेकचा आवाज विद्युत उपकरणांच्या साहाय्याने विरूपित केलेला आहे. गिटारवर होणारा संस्कार येथे मानवी आवाजावर झाला. मेटलचा आद्य वृंद मानल्या जाणाऱ्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथने (पहिली ध्वनिमुद्रिका १९७०) मात्र हा मार्ग अनुसरला नाही. तेथे गिटार काळवंडली, गायकाचा आवाज सुरेलच राहिला. पुढे जूडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड आणि १९८१मध्ये आयर्न मेडनमध्ये आलेला ब्रूस डिकिन्सन यांनी तर तारसप्तकातील दमदार गायन हेच या प्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण बनवले. वाद्ये रौद्र आणि कंठ वीर, अशी ही विभागणी होती.

ती मोडली १९८०च्या दशकात. न्यूकॅसलच्या व्हेनम या त्रिकुटाने १९८१ आणि १९८२च्या ध्वनिमुद्रिकांत गायनकौशल्याला जणू रजाच दिली. कॅलिफोर्नियातील पझेस्ड (‘सेव्हन चर्चेस’, १९८५) आणि फ्लोरिडातील चक शुल्डिनरचा डेथ (‘स्क्रीम ब्लडी गोर’, १९८७) यांच्यापासून ‘डेथ मेटल’ हा उपप्रकार आकाराला आला. बर्मिंगहॅमच्याच नेपाम डेथची ‘स्कम’ ही ध्वनिमुद्रिकाही १९८७चीच. यंत्राने आवाजाचे जे केले होते ते आता कंठ स्वतःच करू लागला. या उच्चारणात स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरच्या बाजूच्या, एरवीच्या बोलण्यात फारसा भाग न घेणाऱ्या घड्यांनाही कंपित करण्याचे तंत्र वापरले जाते. तिबेटी भिक्षूंच्या खर्जातील मंत्रपठणातही या घड्यांचा सहभाग असतो. तेव्हा ग्राउल म्हणजे गाता न येणाऱ्याचा आरडाओरडा नव्हे. ती शिकावी लागणारी कंठक्रिया आहे.

या क्रियेत गायक दोन गोष्टींचा त्याग करतो. पहिला त्याग निश्चित स्वराचा. ग्राउलमध्ये लय आणि आघात उरतात, पण सुरावट जवळजवळ लोपते. दुसरा त्याग शब्दाच्या श्राव्यतेचा, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो अधिक विचारात घ्यावा लागतो. प्रथमश्रवणात शब्द कळत नाहीत. ते ध्वनिमुद्रिकेबरोबर छापून येणाऱ्या पत्रकावर वाचावे लागतात. गीत हा मूलतः मौखिक प्रकार. पण येथे गीताची संहिता कागदावर जाते आणि कानाशी उरतो तो केवळ देह. रोलां बार्थने १९७२च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात गाणाऱ्या आवाजातील देहाच्या या खुणेला आवाजाचा ‘कण’ म्हटले होते. तथापि ग्राउलला बार्थची संज्ञा सरळ लावता येत नाही. बार्थला अभिप्रेत असलेला कण एका विशिष्ट गायकाच्या देहाचा असतो, तर ग्राउल गायकाचे वैशिष्ट्य झाकतो. वय, प्रदेश, पुष्कळदा लिंगही त्यात लपते. आर्च एनिमीच्या ‘वेजेस ऑफ सिन’ (२००१) या ध्वनिमुद्रिकेत आंगेला गॉसोवचा आवाज ऐकणाऱ्या नवख्या श्रोत्याला ती स्त्री आहे हे सांगितल्याशिवाय सहसा कळत नाही. म्हणून ग्राउल हा उघडा देह नसून देहाचाच घडवलेला मुखवटा आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

मुखवटा प्रथम दिसतो तेव्हा दचकवतो. सर्वांनीच तो धारण केला की तो गणवेश होतो. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी डेथ मेटलमध्ये नेमके हेच घडले. आरंभापासून अखेरपर्यंत एकाच तऱ्हेने गुरगुरणारा आवाज क्रोधाचाही उरला नाही आणि भयाचाही. तो केवळ ‘हे डेथ मेटल आहे’ एवढेच सांगू लागला. सोस्यूरच्या परिभाषेत सांगायचे तर चिन्हाचे मूल्य भेदातून निर्माण होते, आणि भेदच न उरल्याने हे चिन्ह रिते झाले.

भेद पुन्हा निर्माण करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे विरुद्ध आवाज शेजारी आणून बसवणे. इंग्लंडच्या पॅराडाइज लॉस्टने ‘गॉथिक’मध्ये (१९९१) स्त्रीकंठाची जोड दिली. नॉर्वेच्या थिएटर ऑफ ट्रॅजेडीने १९९५च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत पुरुषाचा ग्राउल आणि स्त्रीचे कोमल गायन यांची जी संवादरूप मांडणी केली, ती पुढे ‘सुंदरी आणि श्वापद’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अर्थ परत आला, हे खरे. पण तो फार स्वस्तात आला. सुरेल म्हणजे कोमल, शुद्ध, स्त्री. कर्कश म्हणजे हिंस्र, पापी, पुरुष, असे हे समीकरण आहे. त्यात दोन्ही आवाज जुन्या नीतिकथेतील ठरीव पात्रे बनतात. श्रुतिकटुत्वाला येथे प्रवेश मिळाला आहे, पण खलनायक म्हणून. तो गुण झालेला नाही. दोष म्हणूनच त्याचा उपयोग करून घेतलेला आहे.

या समीकरणाबाहेर पडण्याचे श्रेय प्रोग्रेसिव्ह संगीताच्या, म्हणजे दीर्घ आणि अनेकपदरी रचनेच्या, परंपरेशी नाते जोडणाऱ्या वृंदांना द्यावे लागते. फ्लोरिडाच्या सिनिकने ‘फोकस’मध्ये (१९९३) ग्राउलसमोर पॉल मास्विडालचा सुरेल आवाज ठेवला, पण तो व्होकोडर या यंत्रातून गाळून. परिणामी सुरेल आवाजच अमानुष वाटू लागला आणि घशाचा खरखरीत आवाज मानवी ठरला. किंग क्रिम्झनने १९६९मध्ये यंत्राकरवी जे साधले होते त्याचा हा नेमका व्यत्यास होय.

स्टॉकहोमच्या ओपेथने याहून दूरचा पल्ला गाठला. ‘ऑर्किड’ (१९९५) या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून या वृंदात दोन्ही आवाज मिकाएल ओकरफेल्ट या एकाच गायकाचे आहेत. ‘स्टिल लाइफ’मध्ये (१९९९) एक कथानक आहे. श्रद्धाहीन म्हणून गावाने हाकलून दिलेला एक पुरुष अनेक वर्षांनी आपल्या प्रेयसीसाठी परत येतो. या कृतीत ग्राउल गावाच्या क्रौर्याला आणि सुरेल गायन नायकाच्या प्रेमाला वाटून दिलेले नाही. दोन्ही आवाज प्रामुख्याने त्या एकाच निवेदकाचे आहेत. ज्या माणसाला प्रेम आठवते त्यालाच संताप येतो, आणि एका अवस्थेतून दुसरीत जाताना त्याचा कंठच बदलतो. दोन पात्रांमधील द्वंद्व येथे एका जाणिवेच्या आत आले. मम्मटाला अभिप्रेत असलेले वक्त्याचे औचित्य ते हेच. स्टीव्हन विल्सनच्या निर्मितिसाहाय्याने झालेल्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’मध्ये (२००१) ही पद्धती परिणत झालेली दिसते. त्यानंतर एकाच काळात ध्वनिमुद्रित झालेल्या दोन कृतींपैकी ‘डिलिव्हरन्स’ (२००२) ग्राउलप्रधान, तर ‘डॅम्नेशन’ (२००३) संपूर्णपणे सुरेल आहे. पहिलीची स्मृती जागी असलेल्या श्रोत्याला दुसरीची शांतताही निर्धास्त वाटत नाही.

याच काळात ग्राउलच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेला शुल्डिनर उलट दिशेने चालला होता. डेथच्या अखेरच्या स्टुडिओ ध्वनिमुद्रिकेच्या (१९९८) शेवटी जूडास प्रीस्टच्या ‘पेनकिलर’चे पुनर्गायन आहे, ज्या हॅलफर्डच्या गायनपरंपरेला डेथ मेटलने नाकारले तिलाच केलेले हे वंदन. १९९९मध्ये कंट्रोल डिनाइड या नव्या वृंदासाठी त्याने टिम एमार या सुरेल गायकाला पुढे केले आणि स्वतः केवळ गिटार हाती ठेवली. २००१मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. ज्याने हा मुखवटा घडवण्यास हातभार लावला त्यालाच तो अपुरा वाटू लागला होता, ही गोष्ट या इतिहासात दुर्लक्षिता येत नाही.

ओपेथनेही ‘हेरिटेज’पासून (२०११) सलग चार स्टुडिओ ध्वनिमुद्रिकांत ग्राउल वर्ज्य केला. अनेक जुन्या श्रोत्यांना हा विश्वासघात वाटला, तर काहींना परिपक्वता. या दोन्ही प्रतिक्रियांमागचे गृहीतक एकच आहे. आवाज हा निष्ठेचा किंवा प्रगतीचा निदर्शक आहे, आणि कर्कशाकडून सुरेलाकडे जाणे म्हणजे एकतर पतन, नाहीतर उन्नती. २०२४च्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ने हे गृहीतकच मोडीत काढले. एका मृत कुटुंबप्रमुखाच्या इच्छापत्राचे वाचन हा तिचा विषय. तेथे सोळा वर्षांनंतर ग्राउल स्टुडिओ ध्वनिमुद्रिकेत परतला; सोबत सुरेल गायन आहे आणि जेथ्रो टलच्या इयन अँडरसनचे गद्य निवेदनही आहे. ग्राउल येथे वृंदाची ओळखखूण म्हणून येत नाही. जो माणूस आता उत्तर देऊ शकत नाही आणि ज्याला आता कोणी उत्तर देऊ शकत नाही, त्याच्या अधिकारवाणीशी तो जोडला जातो. शेवटच्या रचनेत तो थांबतो. त्या थांबण्यालाही अर्थ येतो, कारण आधी तो बोलला आहे.

कंठाचे श्रुतिकटुत्व हा नित्य दोष नाही, एवढे या इतिहासावरून सिद्ध होते. त्याच न्यायाने तो नित्य गुणही नाही, ही गोष्ट मात्र त्याच्या समर्थकांनी पुष्कळदा दृष्टीआड केली. जेथे तो निव्वळ रूढी झाला तेथे तो मुका झाला, आणि जेथे त्याला श्वापदाची भूमिका देण्यात आली तेथे त्याने जुनीच नीतिकथा पुन्हा सांगितली. तो बोलका झाला तो केवळ तेथे, जेथे सुरेल आवाज त्याच कंठात शक्य होता आणि तरीही त्या क्षणी नाकारला गेला. ‘काकी’ गायकाची निंदा करणाऱ्या शास्त्राला यातून एक प्रश्न विचारता येतो : कावळ्याच्या आवाजात गाणारा कंठ कोकिळेच्याही आवाजात गाऊ शकत असेल, तर त्याच्या कर्कशतेला दोष म्हणायचे, की निवड?