कीर्द, ताळा आणि खाते : वर्ध्याचा खादीव्यवहार व संगणकीय दुकान

दुकान म्हणजे माल मांडण्याची व विकण्याची जागा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी होय. माल मांडलेला आहे. परंतु कोणता किती उरला याची नोंद नाही, तो सांगितल्या गुणाचा आहे की नाही हे कोणी तपासलेले नाही, आणि देणारा व घेणारा कोण हेही निश्चित नाही, अशा जागेस दुकान म्हणण्यापेक्षा प्रदर्शन म्हणणेच योग्य ठरेल. गावच्या बाजारात ही तीन अंगे निरनिराळी दिसत नाहीत. दुकानदाराची स्मरणशक्ती, गिऱ्हाइकाचा जाणता हात आणि उभयतांची जुनी ओळख ही कामे परस्पर उरकून टाकतात. परंतु विकणारा व घेणारा एकमेकांच्या दृष्टीआड गेले की तिन्ही अंगे हेतुपूर्वक उभारावी लागतात. आंतरजालावर दुकान मांडणाऱ्यास आज माहितीसाठा, चाचणी व वापरकर्त्याचे खाते यांची जोड द्यावी लागते, ती याच कारणाने. वर्ध्याशी निगडित असलेल्या खादीव्यवहारास हीच जोड विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात द्यावी लागली होती. या दोन प्रसंगांची तुलना केल्यास काय साधले आणि काय सुटले, हे दोन्ही स्पष्ट होते.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. मराठी हिशेबपद्धतीत दिवसाचा व्यवहार घडला त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिला जाई व तेथून तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती नेला जाई. ‘रोजकीर्द’ हा फारशी घडणीचा शब्द असून दिवसाचे केलेले काम असा त्याचा मूलार्थ आहे. कीर्दीत काळाचा क्रम, खतावणीत व्यक्तीचा किंवा वस्तूचा क्रम, अशी ही विभागणी होय. दोहोंचा मेळ बसतो की नाही हे पाहणे म्हणजे रुजुवात, आणि बेरीज-वजाबाकी उलट बाजूने पडताळून पाहणे म्हणजे ताळा. ‘कसोटी’ मात्र संस्कृत ‘कषपट्टिका’ शब्दातून प्राकृताच्या द्वारे आलेली. सोने घासून पाहण्याचा तो दगड. सारांश, नोंद, पडताळा व खाते या कल्पनांना मराठीत स्वतंत्र व सूक्ष्म अर्थभेद दर्शविणारे शब्द पूर्वीपासून होते. नव्या यंत्राने कल्पना आणली नाही. तिचा वेग व विस्तार मात्र बदलला.

जून १९२४ मध्ये अहमदाबाद येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीने असा ठराव केला की, काँग्रेसच्या प्रातिनिधिक संस्थांच्या सभासदांनी दरमहा २,००० वार सूत कातून पाठवावे. त्याच वर्षाच्या अखेरीस बेळगावच्या अधिवेशनात, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते, सूत हीच सभासदत्वाची वर्गणी ठरली. यामुळे एक नवाच प्रश्न उपस्थित झाला. चार आण्यांच्या वर्गणीत नाणे कोणाच्या हातून आले याला महत्त्व नसते; सुताच्या वर्गणीत ते कोणी कातले यालाच महत्त्व येते. बेळगावच्या ठरावाने आजार, अनिच्छा अशा कारणांसाठी दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत देण्याची मुभा ठेवली, यावरून ओळख पटविण्याची अडचण त्या वेळीही जाणवली होती असे दिसते. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे अखिल भारत चरखा संघाची स्थापना झाली. गांधीजी त्याचे अध्यक्ष व वर्ध्याचे जमनालाल बजाज कोषाध्यक्ष होते. महाराष्ट्रातील कार्याची धुरा वर्ध्यातील श्रीकृष्णदास जाजू यांनी दीर्घकाळ वाहिली.

नोंद करावयाची तर माप ठरावे लागते. चार फुटांचा एक तार व ६४० तारांची एक गुंडी, हे माप खादीकार्यात रूढ झाले. गुंडीची लांबी ठरलेली असल्याने तिच्या वजनावरून सुताचा अंक काढता येई. सूत जितके बारीक तितका अंक मोठा. परंतु अंक म्हणजे गुण नव्हे. एकाच अंकाच्या दोन गुंड्यांपैकी एक समान व चांगल्या पिळाची, तर दुसरी गाठाळ व तुटकी असू शकते, आणि हा भेद पुष्कळदा मागावर ताणा चढविल्यावरच कळतो. म्हणून लांबी व वजन यांच्या जोडीला मजबुती व समानता यांचीही परीक्षा आवश्यक ठरली. सूत विणकराकडे जाण्यापूर्वीच ते तपासणे हे या परीक्षेचे मर्म होय. कारण विणलेल्या कापडातला दोष काढता येत नाही. ज्या भांडारांनी नियम पाळले त्यांस चरखा संघाचे प्रमाणपत्र मिळे व त्यांची खादी ‘प्रमाणित’ म्हणून ओळखली जाई.

वर्धा या इतिहासात केंद्रस्थानी येते ते १९३५ साली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यास स्थापन झाला होता, मगनवाडीत त्याचे कार्य चालू होते, आणि गांधीजींचे वास्तव्यही तेथेच होते. कातणारीला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळाले पाहिजेत, असा विचार गांधीजींनी मांडला. नालवाडीत विनोबांनी स्वतः कातून त्या मजुरीवर निर्वाह होतो की नाही याचा प्रयोग केला. ऑक्टोबर १९३५ मध्ये चरखा संघाने किमान जीवनवेतनाचे तत्त्व स्वीकारले. आठ आण्यांचा पल्ला गाठला गेला नाही. तरी कातणारीचे अन्न व वस्त्र हा मजुरीचा पाया ठरला. तोपर्यंत खादीची किंमत बाजारात ग्राहकास परवडेल अशा बेताने, म्हणजे वरून खाली, ठरत असे. आता ती कातणारीच्या गरजेपासून, म्हणजे खालून वर, ठरू लागली.

या निर्णयाचा हिशेबपद्धतीवर काय परिणाम झाला असेल हे सहज लक्षात येईल. मजुरी तासांवर मोजावयाची, पण कातणारी आपल्या घरी काततात. तेथे तास कोण मोजणार? म्हणून तासांचे रूपांतर सुतात करावे लागते : अमुक अंकाचे, अमुक गुणाचे सूत आठ तासांत किती निघते, हे ठरवून त्यावर दर बांधावा लागतो. गुणपरीक्षा नसेल तर दर अन्याय्य होतो. कातणारीची नोंद नसेल तर वाढीव मजुरी तिच्यापर्यंत पोचली की मध्येच जिरली हे समजत नाही. नोंद, चाचणी व खाते ही तिन्ही अंगे येथे एकमेकांशिवाय निरर्थक होतात. पुढे १९४५ मध्ये खादीच्या किमतीचा काही अंश सुताच्या रूपाने घेण्याचा नियम झाला, तेव्हा खरेदीदाराच्या जमेकडेही पैशाखेरीज सूत आले. गिऱ्हाईक व कातणारा यांच्यामधील भिंत पाडण्याचा तो प्रयत्न होता.

आता संगणकीय दुकानाकडे वळावे. एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली माहितीची परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडणी करण्याची कल्पना मांडली. माल, ग्राहक व मागणी यांची कोष्टके वेगळी ठेवावयाची, आणि प्रत्येक नोंदीस दिलेल्या क्रमांकाने ती जोडावयाची. कापडाचे नाव व भाव एकदाच लिहिले जातात. मागणीच्या कोष्टकात त्यांचा क्रमांक व विक्रीच्या दिवशीचा भाव तेवढा येतो. हा शेवटचा भाव वेगळा नोंदला नाही, तर उद्या दर बदलताच कालची पावतीही बदलेल. खतावणीचे तत्त्व जाणणाऱ्यास यात अपरिचित काही वाटणार नाही. नवी अडचण आहे ती एककालिकतेची. भांडारात खादीचे एकच थान उरले असून नागपूरच्या व पुण्याच्या ग्राहकाने ते एकाच क्षणी मागितले, तर ते दोघांसही विकले जाण्याचा संभव असतो. म्हणून साठा घटविणे, मागणी लिहिणे व पैसे जमा करणे ही कामे एकसंध धरावी लागतात : सर्व होतील, अथवा एकही होणार नाही. या गुणसमुच्चयाची शास्त्रीय मांडणी हेर्डर व रॉयटर यांनी १९८३ मध्ये केली.

चाचणीचे स्वरूपही सुताच्या परीक्षेशी जुळते. आज्ञावलीचा प्रत्येक भाग आधी सुटा तपासावयाचा, नंतर जोडून तपासावयाचा. समजा, गांधी जयंतीपासून खादीच्या कापडावर सूट द्यावयाची आहे, मधावर नाही. तर सुटीच्या पहिल्या दिवशी, शेवटच्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि एकाच मागणीत कापड व मध दोन्ही असता किती रक्कम यावी, हे अगोदर लिहून ठेवावे लागते व यंत्राचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे लागते. कार्यक्रमात लहानसा बदल केला तरी सर्व ताळे पुन्हा घ्यावयाचे असतात. चाचणीने दोष असल्याचे सिद्ध होते, नसल्याचे नव्हे, हा इशारा डाइक्स्ट्रा यांनी १९६९ मध्येच दिला होता. सुताच्या परीक्षकालाही हे ठाऊक होते. गुंडीचा तपासलेला भाग चांगला, एवढेच तो सांगू शके.

तिसरे अंग खात्याचे. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एकच संगणक अनेकांनी वापरण्याची सोय झाली, तेव्हा ज्याचे त्याचे दप्तर राखण्यासाठी संकेतशब्द आला. तो जसाच्या तसा लिहून ठेवणे धोक्याचे असते. म्हणून मूळ शब्द परत काढता येणार नाही असे त्याचे रूपांतर तेवढे साठवितात. १९९४ मध्ये लू माँटुली यांनी ‘कुकी’ ही युक्ती योजली, आणि निघून गेलेले गिऱ्हाईक परत आल्यावर ओळखणे दुकानास शक्य झाले. त्याच वर्षी अमेरिकेत आंतरजालावरून सांकेतिक सुरक्षिततेने विक्री सुरू झाली. खाते उघडताच जबाबदारीही येते. ग्राहकास स्वतःच्या मागण्या दिसाव्यात, दुसऱ्याच्या नव्हेत. भांडारपालास साठा बदलता यावा, ग्राहकाचा संकेतशब्द नव्हे. व्यक्तीची माहिती कोणत्या हेतूने घ्यावी यास भारतात २०२३ च्या कायद्याने बंधन घातले आहे.

येथवर साम्य झाले. भेद यापुढे आहे. २०२० साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने आंतरजालावर विक्रीस प्रारंभ केला. अशा दुकानाचा जो सर्वमान्य आराखडा जगभर वापरला जातो, त्यात माल, ग्राहक व मागणी ही तीन कोष्टके असतात. करणाऱ्याचे कोष्टक नसते. ग्राहकाने काय पाहिले, काय टोपलीत ठेवले व काय परत केले, हे सर्व त्याच्या खाती जमा होते. कापड कोणी कातले, कोणी विणले आणि त्यांस किती मिळाले, हे विचारावयाचे झाल्यास उत्तर देणारा स्तंभच नसतो. १९३५ चा वर्ध्याचा निर्णय नेमका या स्तंभाविषयीचा होता. किंमत कशी बनली हे कातणारीच्या बाजूने दाखविता यावे, हे त्याचे सार होय.

हे कोष्टक जोडण्यात तांत्रिक अडचण फारशी नाही. थानास क्रमांक, क्रमांकास विणकराची नोंद, त्या नोंदीस सुताची आवक व दिलेली मजुरी, एवढे दुवे पुरतात. कातणारीचे नाव-गाव जगजाहीर करण्याचीही गरज नाही. विक्रीच्या रकमेतील तिचा वाटा ठरल्याप्रमाणे तिच्या खाती जमा झाला की नाही, हा एक ताळा इतर ताळ्यांबरोबर रोज घेता येईल. अडचण आहे ती वेळेची. माहितीसाठ्यात नवा स्तंभ केव्हाही वाढविता येतो, परंतु जुन्या नोंदींसाठी तो रिकामाच राहतो. निरनिराळ्या हातांच्या गुंड्या एका ताण्यात मिसळल्या, की कोणते सूत कोणाचे हे पुढे कोणत्याही यंत्रास सांगता येत नाही. तेव्हा ही नोंद सूत घेतानाच, वजनकाट्यापाशी व्हावी लागते.

वर्ध्यात आजही मगनवाडी आहे; ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आहे; ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्थाही तेथेच आहे. चरख्यांचे व मागांचे नमुने तेथे जतन झालेले आहेत. चरख्यामागच्या हिशेबपद्धतीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमीच गेले. जिल्ह्यातील एखादी संस्था आपले दुकान आंतरजालावर नेऊ लागेल, तेव्हा परदेशी आराखडा उचलण्यापूर्वी तिने १९३५ च्या त्या निर्णयाकडे एकवार पाहणे अगत्याचे आहे. खाते कोणाचे उघडावयाचे, हा प्रश्न वर्ध्याने तेव्हाच विचारला होता.