परमुलखातील घरची शाळा

बंगळूरच्या जुन्या पेठेतून अव्हेन्यू रोडने जाऊ लागले म्हणजे पुस्तकांच्या दुकानांच्या गर्दीत 'राइस मेमोरियल चर्च' या नावाचे एक प्रार्थनामंदिर लागते. मुलांची क्रमिक पुस्तके घेण्यासाठी आपल्यापैकी पुष्कळांची पावले जूनमध्ये त्या रस्त्याला वळतात. परंतु मंदिराच्या नावाकडे लक्ष देण्याइतकी सवड त्या धांदलीत कोणाला असणार? ज्या बेंजामिन राइस यांच्या स्मरणार्थ ते नाव आहे, ते लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक १८३७ साली येथे आले आणि सुमारे अर्धशतक येथेच राहून निवर्तले. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांच्या घरी बंगळूरला मुलगा झाला. तो म्हणजे बेंजामिन लुइस राइस. 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या खंडांतून म्हैसूर आणि कुर्ग प्रांतांतील हजारो शिलालेख व ताम्रपट उजेडात आणणारा संशोधक. चालुक्य, होयसळ, यादव यांच्या सीमांविषयी ज्या मराठी अभ्यासकाने कधी दोन ओळी लिहिल्या असतील, त्याचे या माणसावाचून चाललेले नाही.

अशा घरांतील लहान मुले शिकत तरी कशी, हा प्रश्न आम्हास पुष्कळ दिवस खुणावीत होता. बदलीच्या नोकरीत ज्यांची हयात जाते त्यांना या प्रश्नाची धग निराळी सांगावयास नको. आपल्यासाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालये निघाली, आगगाडीने दोन दिवसांत आजोळ गाठता येऊ लागले, आणि आता तर दूरध्वनीवर आजीचे तोंडही दिसते. तरीही घरातले पोर भाजीवाल्याशी कन्नडमध्ये, शाळेत इंग्रजीत आणि आपल्याशी कसल्याशा मिश्र बोलीत बोलू लागले, की मनात चर्र होतेच. एकोणिसाव्या शतकातील पाद्र्याच्या घरी हीच गोष्ट याहून कितीतरी तीव्र स्वरूपात घडत होती.

प्रारंभ आपल्याच मुलखातून केला पाहिजे. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. मराठीत त्यांनी चांगली गती मिळविली, आणि त्या मिशनने गावोगाव मराठी शाळा काढल्या. १८२५ साली त्यांची पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेच्या गलबतात चढली. मुलांना येथील हवा मानवत नव्हती. एक मुलगा वाटेत समुद्रावरच गेला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये हॉल नाशिकच्या बाजूस फिरतीवर असताना पटकीने एका खेड्यात वारले. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही. जो मुलगा जगला तो पुढे अमेरिकेतच धर्मोपदेशक झाला. शेकडो मराठी मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मुलाला वडिलांच्या हाताखाली एक पाटीही भरता आली नाही. दैवाचे हे गणित विचित्र खरे. पण ते एकट्या हॉल यांच्याच वाट्यास आले असे नाही.

त्या काळी मुलाला घरी ठेवावे की मायदेशी पाठवावे, याचा निर्णय सामान्यतः सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान होई. तोवर शिक्षण आईकडे. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी व्हरांड्यात किंवा जेवणाच्या मेजावर वाचन, लेखन, अंकगणित आणि बायबलातील उतारे, दुपारी सक्तीची झोप, संध्याकाळी फेरफटका. ऐकावयास हे सुबक वाटते. परंतु ही आई नुसती आई नसे. मुलींची शाळा, आजाऱ्यांची विचारपूस, पाहुण्यांची ऊठबस आणि नवऱ्याच्या फिरतीच्या दिवसांत सारे मिशन, असा चौफेर व्याप तिच्या गळ्यात असे. १८२९ मध्ये मुंबईस आलेल्या मार्गारेट विल्सन यांनी मराठी शिकून मुलींच्या शाळा उभारल्या आणि १८३५ मध्ये त्या येथेच वारल्या. सहा वर्षांत एवढे करणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकरांच्या बाराखडीसाठी किती घटका मिळाल्या असतील, याचा हिशेब मिशनच्या अहवालांत कोणी मांडीत नसे. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील न लिहिलेले प्रकरण ते हेच.

मुलाचा खरा दिवस मात्र आईजवळ जात नसे. तो आया, बटलर, माळी यांच्या संगतीत जाई. साहजिकच मुलाच्या तोंडी प्रथम बसे ती त्यांची भाषा. हे केवळ पाद्र्यांच्याच घरी होई असे नव्हे. १८६५ साली मुंबईस जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने आपल्या आठवणींत लिहिले आहे की, जेवणघरात आईबापांपुढे जाताना आता इंग्रजीत बोला, अशी ताकीद नोकरमाणसे मुलांना देत. मग मनातल्या मनात भाषांतर करीत ती मुले अडखळत इंग्रजी बोलत.

पाद्र्याला या गोष्टीची विशेष धास्ती वाटे. हॉल यांना मुंबईस पाठविणाऱ्या अमेरिकन बोर्डानेच हवाई बेटांवरही माणसे पाठविली होती. तेथे तर मिशनरी मुलांनी हवाईयन भाषा बोलू नये, तेथील मुलांत मिसळू नये, असा कडक दंडक होता. भाषेबरोबर तेथील चालीरीतीही मुलाच्या अंगी भिनतील ही भीती. ज्या भाषेत व्याकरणे लिहावयाची, कोश करावयाचे, धर्मग्रंथ उतरवावयाचे, ती स्वतःच्या मुलाच्या कानी मात्र पडू द्यावयाची नाही! परक्याच्या मुलाला त्याच्या भाषेत ज्ञान देणे हे पुण्यकर्म, आणि आपल्या मुलाने ती भाषा उचलणे हा धोका. यातील विसंगती त्या सज्जन माणसांना जाणवत नसे काय? क्वचित जाणवत असावी. पण गोऱ्या वर्णाच्या अभिमानाचा थर धर्मश्रद्धेखालीही पक्का बसलेला असे, हे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल असे आम्हास वाटत नाही. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ताप, पटकी, आमांश यांनी त्या घरांत एकामागून एक पाळणे रिकामे केले होते. मुलाला थंड देशी पाठविण्यामागे अनेकदा नुसती जीव वाचविण्याची धडपड होती.

लंडनजवळ वॉल्थमस्टो येथे मिशनऱ्यांच्या मुलींसाठी १८३८ मध्ये आणि मुलांसाठी १८४२ मध्ये निवासी शाळा निघाल्या, त्या याच गरजेतून. बाझेल मिशनने तर १८५३ मध्ये नियमच केला की शाळेच्या वयाला पोहोचलेली मुले युरोपात पाठविलीच पाहिजेत. त्यांच्यासाठी बाझेलला वसतिगृह ठेवले. या मिशनचे कार्य मंगळूरपासून धारवाड-हुबळीपर्यंत, म्हणजे आपल्या उंबरठ्यापर्यंत, पसरले होते. मलयाळम कोशाचे कर्ते हेरमान गुंडर्ट यांची कन्या मारी १८४२ साली तलश्शेरीस जन्मली. नियम होण्यापूर्वीच, ती अगदी अजाण असताना, आईबाप तिला युरोपात ठेवून मलबारात परतले. १८५७ मध्ये ती परत आली तेव्हा पंधरा वर्षांची झाली होती. आईबापांना पत्रांच्या अक्षरावरून ओळखणारी मुलगी ती! सुएझचा कालवा १८६९ चा. त्याआधी इजिप्तमधून खुष्कीच्या टप्प्याने येणाऱ्या टपालाची वाट पाहावी लागे आणि एका प्रश्नाचे उत्तर मिळण्यास काही महिने उलटून जात. मारीचा मुलगा पुढे जर्मन साहित्यात हेरमान हेस्स म्हणून कीर्तीस चढला.

येथे बंगळूरच्याच मातीतील एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १६३८ मध्ये हे शहर आदिलशाहीच्या हाती आले आणि शहाजीराजांकडे जहागिरीत गेले. राजे म्हणजे एका अर्थी परमुलखी नेमणुकीवर असलेले मराठी अधिकारीच. त्यांच्या दरबारात अनेक भाषांचे कवी जमत, हे जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'वरून दिसते. तो ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. बाल शिवाजी १६४० च्या सुमारास आईसह येथे येऊन राहिले. त्यांना पुण्यास धाडताना हत्ती, घोडे आणि अमात्य यांच्याबरोबर शहाजीराजांनी अध्यापकही दिले, असे कवींद्र परमानंद 'शिवभारता'त सांगतो. पाद्री मुलाला गुरूकडे परदेशी पाठवी. राजांनी मुलाबरोबर गुरू पाठविला, आणि आईही बरोबर होती. दोन परिस्थितींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. तथापि आईच्या सोबतीची किंमत त्या वाड्यात ओळखली गेली होती, एवढे मात्र खरे.

एकोणिसावे शतक सरता सरता मिशनऱ्यांच्या घरांतील चित्र पालटू लागले. एक तर डोंगरांवर शाळा झाल्या. खुद्द बंगळूरची हवा थंड, म्हणून येथेही १८६५ मध्ये पाद्री पेटिग्र्यू यांच्या खटपटीने युरोपीय मुलांसाठी शाळा निघाली; तीच आजची बिशप कॉटन. कोडाईकॅनॉलची अमेरिकन मिशनऱ्यांची शाळा १९०१ मध्ये तेरा मुलांवर सुरू झाली. आता मूल वर्षातून काही महिने तरी आईबापांच्या दृष्टीस पडू लागले.

दुसरा पालट अधिक मौजेचा. शाळाच टपालाने घरी येऊ लागली. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन या विदुषीने १८८७ मध्ये पालकांचा संघ काढला आणि १८९१ पासून घरी शिकणाऱ्या मुलांसाठी टपालाची शाळा चालविली. सत्राचा अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि पुस्तकांची यादी पालकांकडे येई; सत्राअखेर प्रश्नपत्रिका येत आणि मुलांची उत्तरे तपासण्यासाठी परत जात. लहान मुलांचे धडे अवघे पंधरा-वीस मिनिटांचे. उतारा एकदाच वाचून दाखवावयाचा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत सांगावयाचा, ही तिची मुख्य युक्ती. आपल्याकडे कीर्तनाहून परतलेल्या नातवाला आजी 'काय ऐकलेस ते सांग' म्हणून समोर बसवी, त्याहून हे फारसे निराळे नाही. फक्त आजीने त्याची संस्था केली नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ पासून असाच उद्योग मांडला. तिच्याकडून पुस्तके, वह्या, पेन्सिली आणि रोजच्या पाठाच्या सूचना खोक्यातून येत, आणि ज्या आईने कधी शिकविलेले नाही तिलाही त्या सूचना पाहून वर्ग चालविता येई. मिशनऱ्यांची किती घरे या खोक्यांवर चालली असतील!

मात्र या खोक्यांतून आलेल्या चित्रांत हिवाळ्याचे बर्फ असे आणि खिडकीबाहेर चिंच. मूल ज्या भूमीवर चालत होते तिचा इतिहास त्या धड्यांत नव्हता. तो त्याने माळ्याकडून, बाजारातून, देवळाच्या शिळेवरून उचलला तर उचलला. राइस यांच्या मुलाने तो उचलला. १८६० मध्ये तो बंगळूरच्या हायस्कुलाचा मुख्य म्हणून जन्मगावी परतला, पुढे शाळाखात्याचा अधिकारी होऊन गावोगाव हिंडला, आणि हिंडता हिंडता वाटेवरच्या शिळा वाचू लागला. त्याचा भाऊ एडवर्ड याने कन्नड वाङ्मयाचा इतिहास लिहिला. अहमदनगरचे रॉबर्ट ह्यूम हेही असेच. १८४७ मध्ये भायखळ्यास जन्म; सात वर्षांचे असताना आजारी वडील मायदेशी परतताना समुद्रावर वारले; आईने मुलांना अमेरिकेत वाढविले; आणि १८७४ मध्ये मुलगा पुन्हा आपल्या नगर जिल्ह्यात हजर. भाऊ एडवर्ड पाठोपाठ मुंबईस आला. या एडवर्डचा मुंबईस जन्मलेला मुलगा पुढे तेरा प्रमुख उपनिषदांचा इंग्रजी भाषांतरकार झाला. पाच-सहा वर्षांपर्यंत कानी पडलेली भाषा माणसाला अशी परत ओढून आणते काय? सगळ्यांनाच आणते असे नाही; जे परतले त्यांची चरित्रे झाली, न परतलेल्यांची कोण लिहितो?

अगदी अलीकडचे एक घर सांगावयाचे राहिले. बंगळूरच्या दक्षिणेस, तमिळनाडूतील कोल्ली डोंगरावर, जेसी आणि एव्हलिन ब्रँड हे जोडपे राहत असे. त्यांचा मुलगा पॉल १९१४ मध्ये जन्मला. त्याला व त्याच्या धाकट्या बहिणीला आईच शिकवी. मुलाला घरात बसवेना, तेव्हा तिने त्याला झाडावर बसून अभ्यास करण्याची मुभा दिली. वडिलांनी त्याला वारुळे, पक्षी आणि झाडांच्या साली दाखवून जी विद्या दिली ती कोणत्याच वेळापत्रकात नव्हती. १९२३ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, त्याला बहिणीसह इंग्लंडात मावश्यांच्या घरी ठेवून आईबाप डोंगरावर परतले. वडिलांची लांबलचक पत्रे येत. त्यांत नव्या झाडांची, किड्यांची वर्णने असत. १९२९ मध्ये जेसी ब्रँड तापाने गेले. तार लगेच पोहोचली. पण त्यांनी आधी टाकलेले पत्र बोटीने यावयाचे होते, ते तारेनंतर येऊन मुलाच्या हाती पडले.

पॉल ब्रँड शस्त्रवैद्य होऊन १९४६ मध्ये वेल्लोरच्या रुग्णालयात रुजू झाले आणि कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे सरळ करण्याची शस्त्रक्रिया त्यांनी तेथे सिद्ध केली. त्यांची आई सत्तरीच्या सुमारास मिशनच्या कामातून निवृत्त झाली आणि मायदेशी न जाता पुन्हा डोंगरात राहावयास गेली. १९७४ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, ती वारली. तिला कोल्ली डोंगरावर नवऱ्याच्या शेजारी पुरले आहे.