सोसायटी आणि मंडळी : बडोद्यातील एका शब्दाची कथा

बडोद्यात विश्वामित्री ओलांडून पश्चिमेस, अकोट्याच्या बाजूने पुढे गेले की वासणा लागते. एके काळी हे शहराबाहेरचे खेडे होते. आज वासणा रोडच्या दोन्ही अंगांना निवासी वसाहती उभ्या आहेत. शहर पश्चिमेकडे वाढले, तसा दांडिया बाजार आणि रावपुरा येथील जुन्या वाड्यांतला मराठी माणूसही नव्या वस्तीकडे सरकला. त्याचा पत्ता विचारला की उत्तरात एक शब्द हमखास येतो : सोसायटी. हा शब्द बेळगाव, निपाणी, बिदर या भागांतील मराठी माणसाच्या तोंडीही तितक्याच सहजपणे असतो. मात्र तेथे त्याचा अर्थ निराळा. एकाच इंग्रजी शब्दाने मराठीत इतकी निरनिराळी घरे का थाटली, आणि तो येण्यापूर्वी त्या जागी आपला कोणता शब्द होता, याचा शोध या लेखात आम्ही घेत आहोत. या शोधाची वाट फिरून बडोद्यातच येते.

प्रथम मूळ पाहू. ‘सोसायटी’ हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंच भाषेतून आला. फ्रेंचने तो लॅटिनमधील ‘सोसिएतास’ या शब्दापासून घेतला होता, आणि त्याच्या मुळाशी ‘सोसियस’, म्हणजे सोबती, हा शब्द आहे. भाषाशास्त्रज्ञ या ‘सोसियस’चे नाते संस्कृतातील ‘सच्’ या धातूशी जोडतात. सच् म्हणजे सोबत असणे, पाठोपाठ जाणे. आपला ‘सखा’ त्याच कुळातला आणि ‘सचिव’ही त्याच कुळातला; सचिवाचा जुना अर्थ सहचर असाच आहे. तेव्हा ‘सोसायटीचे सचिव’ असे आपण म्हणतो, त्या वेळी हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली दोन भावंडे एका वाक्यात शेजारी बसलेली असतात.

इंग्रजीत या शब्दाला चार ठळक अर्थ आहेत : अखिल मानवसमूह, प्रतिष्ठितांचा वर्ग, दुसऱ्याचा सहवास, आणि नियमांनी बांधलेली संघटना. पहिल्या अर्थासाठी मराठीने ‘समाज’ हा शब्द नेमला आणि तिसऱ्यासाठी ‘सहवास’ किंवा ‘संगत’ हे शब्द तिच्यापाशी होतेच. दुसरा अर्थ ‘हाय सोसायटी’ या जोडशब्दापुरता उरला. मराठीने इंग्रजी शब्द खऱ्या अर्थाने उचलला तो चौथ्या अर्थापुरता.

तोही सहज उचलला असे नाही. एकोणिसाव्या शतकात संघटनांच्या नावांसाठी मराठीत शब्दांची वाण नव्हती. 1867 मध्ये मुंबईत प्रार्थना समाज, 1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा, 1873 मध्ये जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज. नाटकवाल्यांनी ‘मंडळी’ हा शब्द घेतला : किर्लोस्कर नाटक मंडळी, पुढे 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी. अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, हे सीमाभागातील वाचकांस सांगावयास नको. ‘सोसायटी’ हा शब्द मुख्यतः इंग्रजीत नाव नोंदविणाऱ्या संस्थांनी पत्करला. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना 1884 ची. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 मध्ये सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापिली, तिला मराठीत ‘भारत सेवक समाज’ म्हटले गेले. अहमदाबादेत 1848 मध्ये निघालेल्या गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटीचे नाव पुढे गुजरात विद्यासभा झाले. म्हणजे दोन्ही भाषांना या इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द ठाऊक होता आणि तो वापरण्याची इच्छाही होती.

आता बडोद्याकडे वळू. 1889 मध्ये, सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली या शहरात परस्परांस कर्ज देणारी एक संघटना निघाली. सभासदांनी बचत करावी, त्या निधीतून गरजू सभासदास कर्ज मिळावे आणि सावकाराच्या दारी जाण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये, हा तिचा हेतू. भारतातील सहकाराच्या इतिहासात तिला आद्य नागरी पतसंस्थेचा मान दिला जातो. तिचे नाव होते ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’.

या नावात इंग्रजीचा अंशही नाही. तीन शब्दांत संस्थेचे सारे तत्त्व आले आहे. अन्योन्य : एकाने दुसऱ्याचे आणि दुसऱ्याने पहिल्याचे, सहायकारी : मदत करणारी, मंडळी : एकत्र जमलेली माणसे. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला 1904 मध्ये. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षे आधी वस्तूही होती आणि तिला नावही होते. वस्तू परकी, म्हणून शब्दही परका आला, हे नेहमीचे स्पष्टीकरण येथे टिकत नाही.

मग ‘सोसायटी’ आली कशी? ती आली नोंदणीच्या वहीतून. 1904 च्या आणि त्यानंतर 1912 च्या कायद्याच्या नावातच ‘सोसायटीज’ होते. निबंधकाच्या कचेरीतील अर्ज, शिक्के, दाखले, लेखापरीक्षणाचे शेरे इंग्रजीत चालत. 1905 मध्ये तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील, गदग तालुक्यातल्या कणगिनहाळ या गावी या कायद्याखालची पहिली कृषी पतसंस्था निघाली. मुंबईत गावदेवी येथे 1915 मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. एक शेतकऱ्याच्या कर्जासाठी, दुसरी शहरातील मध्यमवर्गीयाच्या घरासाठी. पण नोंदणीचा कायदा एक, म्हणून शब्दही एक. पुढे या दोन वाटांनी तो दोन अर्थ घेऊन मराठीत उतरला.

खेड्यात सोसायटी म्हणजे पीककर्ज देणारी संस्था. ‘सोसायटीची बाकी भरली का?’, ‘सोसायटीचे नवंजुनं केले’ या वाक्यांत इमारतीचा संबंध नाही. अनेक गावांत रेशनचे दुकानही तीच चालवी, म्हणून ‘सोसायटीतून साखर आणली’ असेही लोक म्हणत. नोकरदाराच्या तोंडी ‘पगारातून सोसायटी कापली जाते’ असे वाक्य येते. तेथे सोसायटी म्हणजे कर्जाचा हप्ता. मुंबई-पुण्यात ती इमारत आहे, आणि तिचा कारभार पाहणारी समितीही : ‘सोसायटीने पाणी बंद केले’. वासण्यात आणखी एक छटा भेटते. गुजरातेत सोसायटी म्हणजे बहुधा एका प्रवेशद्वाराच्या आत ओळीने बांधलेले बंगले. बहुमजली इमारतीला तेथे ‘फ्लॅट’ म्हणण्याकडे लोकांचा कल असतो. त्यामुळे पुण्याहून आलेला पाहुणा उंच इमारत शोधत राहतो आणि यजमान बैठ्या घराच्या ओसरीवर त्याची वाट पाहत बसतो.

व्याकरणाने तर हा शब्द केव्हाच घरचा केला. तो स्त्रीलिंगी झाला, त्याचे अनेकवचन ‘सोसायट्या’ झाले, त्याला ‘सोसायटीवाले’ हा गोतावळा लाभला. अशा शब्दाला आज हद्दपार करा, असे आमचे म्हणणे नाही. उलट त्याने एक उपकारही केला आहे. 1960 मध्ये मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि कायद्याची भाषाही दुभंगली. महाराष्ट्राच्या 1960 च्या अधिनियमात ‘सहकारी संस्था’, तर गुजरातच्या 1961 च्या अधिनियमात ‘सहकारी मंडळी’. कर्नाटकात फलकांवर ‘संघ’ आणि 1997 च्या कायद्यानंतर ‘सौहार्द’. तीन राज्यांचे सरकारी शब्द तीन दिशांना गेले. मराठी माणूस मात्र तिन्हीकडे ‘सोसायटी’ म्हणत राहिला, आणि वासण्याचा माणूस निपाणीच्या माणसाशी बोलू शकला.

तरीही या हिशेबात एक तूट आहे. कवठेकरांच्या काळातला ‘मंडळी’ हा शब्द गुजरातीच्या कायद्यात आजही जिवंत आहे. मराठीत तो पंगतीला बसलेल्या लोकांपुरता, भाषणाच्या आरंभीच्या ‘काय मंडळी’पुरता आणि कोणी जुन्या वळणाचा गृहस्थ पत्नीचा उल्लेख करील तेवढ्यापुरता उरला. गुजरातीत तो टिकला, कारण तेथे तो कागदावर टिकला. याच नियमाचा दुसरा पुरावा आपल्याच घरात आहे. ‘पतसंस्था’ हा घडवलेला शब्द. पण पासबुकावर, फलकावर, पावतीवर तो मराठीत छापला गेला आणि पाहता पाहता बोलण्यात रुळला. ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’ हे नाव मात्र लांबलचक, म्हणून ते फलकावरच राहिले आणि बोलण्यात सोसायटी.

सयाजीरावांना ही गोष्ट उमगली होती. त्यांच्या राज्यात 1931 मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश सिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात दिले आहेत. बहुभाषी प्रजेचा कारभार लोकांच्या भाषांत चालावा, तर त्या भाषांना कचेरीचे शब्द पुरवले पाहिजेत, हा विचार त्यामागे होता. मराठी राजाने गुजराती मुलुखात मराठीसोबत गुजरातीलाही बळ दिले, आणि त्यात मराठीचे काही कमी झाले नाही. आज परभाषी राज्यात राहणाऱ्या मराठी माणसाने आपल्या भाषेतील कागदपत्रे मागितली की ती मागणी भावनेची ठरवली जाते. बडोद्याचा हा कोश सांगतो की ती उत्तम राज्यकारभाराची रीत आहे.

सीमेपलीकडच्या मराठी बांधवांस आमचे सांगणे एवढेच. सोसायटी खुशाल म्हणावे. परंतु जेथे चार मराठी माणसे भिशी, वाचनालय, महिला गट किंवा पतपेढी काढतील, तेथे इतिवृत्त, पावती आणि सभेची सूचना राज्यभाषेसोबत मराठीतही लिहावी. सरकारने दिले नाही म्हणून जे अडते ते पुष्कळ आहे; आपल्या वहीतील मराठी मात्र कोणाच्या परवानगीवाचून लिहिता येते. आणि एखाद्या नव्या संस्थेसाठी नाव शोधताना कोणास 1889 मधील ‘अन्योन्य’ आठवले, तर बडोद्याचे ते ऋण थोडे तरी फिटेल.